वर्ध्यातला हिमदंश

दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या माणसानं विचारलं, पायाला काय झालं. मी म्हटलं, बर्फानं झालं. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि कागदावर 'पायाला जखम' एवढंच लिहिलं. त्याला दोष देत नाही. आमच्या जिल्ह्यात माणसं उन्हानं पडतात. बर्फ आम्हाला माहीत तो रसवंतीतला.

हे लिहायला मला आमच्या सर्जनबाईंनी सांगितलं. तुमच्या वयाच्या बायका आता गट करून हिमालयात जायला लागल्या आहेत, त्या माझ्याकडे यायच्या आधी तुमचं लिहिलेलं त्यांच्याकडे पोचू द्या, असं त्यांचं म्हणणं. मी काही लेखिका नाही. सिंदी मेघेत माझं शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम आहे. पुढच्या खोलीत तीन मशिनी, हाताखाली दोन बायका. वय त्रेपन्न. झालं ते क्रमानं लिहिते. माझी चूक कुठे होती तेही लिहिते, ते वगळलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

मोज्यांचे तीन जोड

आम्ही सहाजणी रोज पहाटे फिरायला जात होतो. त्यातली कुंदा माझ्या घरापासून चार घरं सोडून राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. उत्तराखंडात जानेवारीत बर्फातून डोंगर चढायचा, ही कल्पना तिची. मी लगेच हो म्हटलं. पोरगी नोकरीला पुण्यात, नवरा एसटीच्या डेपोत, जानेवारीत शिवणकामाला उठाव नसतो. पाच महिने आम्ही गावाबाहेरची टेकडी चढलो-उतरलो, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या मोजल्या. दम कोणाचाच कमी पडला नाही. सहाजणींत माझा तर सगळ्यात चांगला होता.

उन्हाचं आम्हाला सगळं कळतं. डोक्याला काय बांधायचं, कधी बाहेर निघायचं, पाणी किती प्यायचं, हे आमच्याकडे पोरांनाही सांगावं लागत नाही. थंडीचं आम्हाला एकच माहीत होतं. थंडी वाजली की अंगावर आणखी एक चढवायचं. म्हणून मी पायात मोज्यांचे तीन जोड चढवले. बूट घेताना मात्र एका जोडावर मापून घेतले होते. तिसरा जोड घातल्यावर बुटात पाय कोंबावा लागला. नाड्या ओढून बांधल्या आणि निघाले. घट्ट बुटात रक्तच खाली उतरत नाही, बोटं हलायला जागा राहत नाही आणि मोजे कितीही असले तरी पाय थंडच पडतो, हे मला नंतर कळलं. माझा सगळा धंदा मापाचा, आणि मीच मापात चुकले.

तिसऱ्या दिवशी बर्फ गुडघ्यापर्यंत होता. वाटाड्या पुढे पाय रोवत जायचा आणि आम्ही त्याच्याच पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकायचो. पाय काढायलाच इतकी ताकद लागायची की बाकी काही सुचत नसे. दोनदा मी मांडीपर्यंत आत गेले आणि उजव्या बुटात वरून बर्फ गेला. तो तिथेच वितळला. थांबलो की वाटाड्या प्रत्येकीला विचारायचा, "दीदी, उंगलियाँ हिल रही हैं?" मी दर वेळी हो म्हटलं. खरं तर हलतात की नाही, मला कळतच नव्हतं.

त्याचं मला नवल वाटलं नाही. वर्षभरापासून माझ्या पायांना मुंग्या येत होत्या. चपला पायातून निसटायच्या आणि मी चार पावलं अनवाणी पुढे जाऊन मग मागे बघायची. मशिनवर तीस वर्षं पाय आहे, त्यामुळे होत असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. घरात कोणाला बोलले नव्हते. डॉक्टरकडे जावं इतकं ते मला मोठं वाटलं नव्हतं.

शेक

दुपारी चारच्या सुमारास तळावर पोचलो. बूट काढला तर उजवी बोटं मेणासारखी पांढरी, टणक. बोटानं टिचकी मारली तर आवाज यावा अशी. कुंदा घाबरली, वाटाड्याला बोलावते म्हणाली. मी तिला बसवलं. वाटाड्यानं पाय पाहिला असता तर मला दुसऱ्या दिवशी खाली धाडलं असतं, आणि माथा एका दिवसावर होता.

आमच्याकडे पायाला काहीही झालं, मुरगळला, सुजला, वात आला, की शेक देतात. चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि लावायची. माझ्या सासूनं सगळ्या घराला असंच शेकलं. तळावर वीट नव्हती. पण झोपताना कुशीत घ्यायला म्हणून उकळतं पाणी भरलेल्या स्टीलच्या बाटल्या देत होते. मी कुंदाला म्हटलं, ती बाटली मोज्यात घाल आणि माझ्या बोटांना लाव.

तिनं लावली. तिचा हात बाटलीवर होता तो तिनं दोनदा काढून घेतला. मला विचारलं, "पोळून राह्यलं का गं?"

मी म्हटलं, "काहीच लागत नाही. मोजा काढ आणि नुसती बाटली लाव."

तिनं नको म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. शिवणकामाच्या खोलीत मी ज्या आवाजात सांगते त्या आवाजात सांगितलं. तिनं मोजा काढला आणि बाटली लावली. मी तिला अर्धा तास ती धरून ठेवायला लावली.

सकाळी बोटांवर फोड आले होते, आत काळं-लाल रक्त. वाटाड्यानं पाय पाहिला आणि कुंदाला हिंदीत इतकंच म्हणाला की गरम चीज कशाला लावली, कोमट पाणी मागायचं होतं. मग त्यानं मला पाठीवर घेतलं. त्याचं वजन माझ्यापेक्षा कमी असेल. रस्त्याला लागेपर्यंत तो तीनदाच थांबला. कुंदा दोघींच्या पिशव्या घेऊन मागे चालत होती. बाकीच्या चौघी माथ्यावर गेल्या. त्यांनी जावं असं मीच म्हटलं होतं.

निदान

डोंगराच्या पायथ्याच्या गावात लहान दवाखाना होता. तिथल्या तरुण डॉक्टरनं उजवा पाय पाहिला आणि लगेच डाव्याकडे वळला, ज्याला काही झालं नव्हतं. मला डोळे मिटायला सांगितले. "कुछ लग रहा है?" मी म्हटलं, तुम्ही सुरू करा, मग सांगते. कुंदा रडायला लागली तेव्हा मी डोळे उघडले. त्याची सुई टोचून झाली होती.

त्यानं विचारलं, शुगर कधीपासून आहे. मी म्हटलं, मला शुगर नाही. त्यानं बोटातून थेंब घेतला आणि यंत्र माझ्यासमोर धरलं.

आजार कळतो त्या दिवशी माणसाला धरणी दुभंगल्यासारखी वाटते, असं वाचलं होतं. मला तसं काही झालं नाही. मला राग आला, आणि तो यंत्राचा आला. मग मनातल्या मनात गेलं वर्ष उलट मोजलं. चपला, मुंग्या, पायात काच घुसलेली आणि फरशीवरचं रक्त पाहून मला कळलेली. सगळं माझ्यासमोर होतं. मी ते शिवणीत दाबून टाकलं होतं.

परतीच्या गाडीत पाय उंच ठेवून झोपून आले. सेवाग्राम स्टेशनवर सुधाकर, माझा नवरा, उभा होता. त्यानं पायाकडे पाहिलं, मग कुंदाकडे. कुंदानं त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, "भाऊजी, मी गरम बाटली लावली," इतकं. मी सांगितलं म्हणून लावली, हे तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

वाट पाहणं

सर्जनबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. बर्फानं किती गेलं, भाजण्यानं किती गेलं आणि साखरेनं आधीच किती गेलं होतं, हे आता वेगळं करता येणार नाही. बोटं काळी पडतील, वाळतील. मग मेलेलं आणि जिवंत यांच्यामध्ये एक रेघ उमटेल. ती रेघ पक्की होईपर्यंत कापायचं नाही. घाई केली तर जिवंत भागही जाईल. पू झाला तर मात्र थांबता येणार नाही आणि मग कुठवर जाईल याची हमी नाही.

"म्हणजे नक्की काय जाणार?" मी विचारलं.

"नशीब बरं असेल तर बोटांची टोकं. नसेल तर पाऊल. ते तुमचा पायच सांगेल."

मला उत्तर लगेच हवं असतं. कापड आलं की मी त्याच दिवशी बेतते. इथे दोन-अडीच महिने स्वतःच्या पायाकडे बघत बसायचं होतं. बोटं खारकांसारखी होत गेली. रेघ रोज थोडी सरकायची. फेब्रुवारीत ती अंगठ्याच्या मधल्या सांध्यावर होती. मार्चच्या सुरुवातीला अंगठ्याच्या मुळाशी आली. ड्रेसिंग सोडलं की मी आधी डोळे मिटून घ्यायची, मग स्वतःला शिव्या देऊन उघडायची. सुई टोचली तेव्हा मिटून काय झालं होतं ते माहीत होतं.

पहिले तीन आठवडे वॉर्डात काढले. सकाळी सहाला इन्सुलिन, सातला चहा बिनसाखरेचा, नऊला राउंड. विद्यार्थी झुंडीनं यायचे, कारण त्यांच्यापैकी कोणीही हिमदंश पाहिलेला नव्हता. मी प्रदर्शनातली म्हैस झाले होते. शेजारच्या खाटेवर देवळीकडची एक म्हातारी होती. चपलेच्या खिळ्यानं तिच्या तळपायाला भोक पडलं होतं आणि तिलाही ते कळलं नव्हतं. तिला माझी हकीकत कळली तेव्हा ती खाटेवर उठून बसली.

"ऊन लागलं असतं तं समजलो असतो बाई," ती म्हणाली. "बर्फ खायाले लोक पैसे देतेत, अन् तू पैसे देऊन त्याच्यात पाय देले."

मी त्या दवाखान्यात हसले ती तेवढीच. आठ दिवसांनी तिचा पाय घोट्याच्या वरून काढला. त्या दिवशी तिनं भिंतीकडे तोंड केलं ते मला सुटी होईपर्यंत वळवलं नाही.

घर

घरी आल्यावर सुधाकरनं पुढची खोली रिकामी करून माझी खाट तिथे टाकली. मशिनी भिंतीला लागल्या. तो डेपोतून आला की हात धुऊन ड्रेसिंग करायचा. इंजिन उघडावं तसं शांतपणे, एकेक गोष्ट ओळीनं मांडून. त्याबद्दल मला काहीही वाईट लिहिता येणार नाही. पण तो बोलायचा. पट्टी गुंडाळता गुंडाळता बोलायचा. तिनंच तुले नेलं. तिनंच भाजलं. शिकलेली बाई, पोरायले शिकवते, अन् एवढी अक्कल नाई.

मी ऐकून घ्यायची.

हे लिहिणं मला सगळ्यात जड जातंय. मी गप्प का राहिले? खरं सांगितलं असतं तर बाटलीवर थांबलं नसतं. मग वर्षभराच्या मुंग्या निघाल्या असत्या, पायातली काच निघाली असती, वाटाड्याला दिलेली खोटी उत्तरं निघाली असती. पाय जाणार की राहणार याची भीती मी सोसत होते. तो माझ्याच हातानं गेला, हे वर ऐकायची ताकद नव्हती. निदान मी स्वतःला असं समजावलं.

कुंदा सुरुवातीला रोज शाळा सुटली की यायची. ज्वारीची भाकर आणि पालेभाजी आणायची, तेल कमी घालून. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा सुधाकरनं तिला फाटकाशीच थांबवलं. मी आत खाटेवर होते, खिडकी उघडी होती.

"आता काय पाहाले आल्या मॅडम? किती उरला ते?"

ती डबा फाटकावर ठेवून गेली. मी खिडकीतून हाक मारू शकत होते. माझा आवाज चार घरांपलीकडे ऐकू जातो, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मी मारली नाही. त्यानंतर ती आली नाही.

रेघ

एप्रिल लागला. पंखा गरम हवा फेकत होता आणि मी बर्फानं मेलेला पाय उशीवर ठेवून पडले होते. एका सकाळी ड्रेसिंगला वास आला. सुधाकरनं नाकाजवळ नेऊन पुन्हा हुंगलं आणि रिक्षा बोलावली.

सर्जनबाईंनी पाहिलं. आता थांबायचं नाही म्हणाल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जाणार हे नक्की. अंगठ्यामागचा पावलाचा भाग उघडल्यावर कळेल. सहीच्या आधी त्यांनी विद्यार्थ्यांसमोर पुन्हा सगळी हकीकत विचारली. किती तास बर्फात होतात, बूट कसा होता. मग विचारलं, गरम बाटली कोणी लावली.

"हिच्या मैत्रिणीनं," सुधाकर म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला, जसं ते कागदावर लिहून आणलं होतं.

एक मुलगी ते वहीत लिहायला लागली. का कोण जाणे, ते लिहिलं जाताना मला पाहवलं नाही.

"मी लावायला लावली," मी म्हटलं. "ती नको म्हणत होती. मोजाही मीच काढायला लावला. आणि पाय त्याच्या आधी वर्षभर बधिर होते. मी कोणाला सांगितलं नाही."

सर्जनबाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांच्यासाठी ती माहिती होती. सुधाकर खिडकीकडे जाऊन उभा राहिला. सगळे गेल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही चिडले असते."

"मंग आता काय करू? हसू?"

मग तो खाली जाऊन आला. कुठे गेलता विचारलं तर म्हणाला, तिले फोन केला. ती काय म्हणाली, विचारलं. "आयकून घेतलं. ठेवून देला."

ऑपरेशनमध्ये तीन बोटं गेली आणि अंगठ्यामागचं हाड थोडं. पाऊल वाचलं. सर्जनबाई म्हणाल्या, ठीक झालं. त्यांच्या हिशोबानं ते ठीकच होतं. अंगठा माणसाला पुढे ढकलतो, हे मला तो गेल्यावर कळलं. तो नसला की प्रत्येक पाऊल उचलून ठेवावं लागतं.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

बूट मोज्यांचे दोन जोड घालून मापा. आत बोटं हलली पाहिजेत. बर्फात जाण्याआधी साखर तपासा, आजार नाही असं वाटत असलं तरी. बोटं पांढरी पडली तर लपवू नका. शेकू नका, चोळू नका, शेकोटीशी धरू नका. खाली उतरवणाऱ्याला सांगा. कोमट पाणी लागतं, हाताच्या कोपराला सोसेल इतकंच, आणि ते कधी, कसं लावायचं हे जाणत्या माणसानं ठरवायचं. ज्या पायाला कळत नाही, त्या पायाचा मालक बाकी कितीही हुशार असला तरी उपयोग नाही.

एवढं सर्जनबाईंना हवं होतं. पुढचं त्यांनी मागितलेलं नाही.

जूनमध्ये खास बनवलेला बूट मिळाला. पहिल्यांदा चालत गेले ती कुंदाकडे. चार घरांना बराच वेळ लागला. तिनं दार उघडलं, पायाकडे पाहिलं, खुर्ची ओढून दिली. मी माफी मागितली. जसं इथे लिहिलं तसंच सगळं सांगितलं. तिनं मधे अडवलं नाही.

मग म्हणाली, "तू गप्प राह्यली तं मले वाटलं, तुलेबी तसंच वाटते का मीच केलं. मी रोज माह्ये हात पाहत होतो. तव्यावर भाकर टाकाले हिंमत होत नव्हती."

मी म्हटलं, चुकलं माझं.

"ठीक हाय," ती म्हणाली.

ठीक झालेलं नाही, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. ती आता माझ्याकडे येऊन बसत नाही, डबा आणत नाही. सुधाकर समोर आला की पदर सावरून बाजूला होते. बाकीच्या चौघी पहाटे टेकडीवर जातात, तो वेग मला आता या जन्मी जमणार नाही. मी संध्याकाळी एकटी सपाट रस्त्यानं कॅनॉलपर्यंत जाते, मधे दोनदा टेकते.

गेल्या महिन्यापासून कुंदाही त्याच वेळी निघते. ती माझ्यासोबत चालत नाही. वीस-पंचवीस पावलं पुढे असते, मागे बघत नाही. वळण आलं की मात्र उभी राहते, दुसरीकडे तोंड करून. मी पोचते. ती पुढे निघते.